कारणाचा रकाना

नायरीनं गोअरच्या ऑफिसात
हिरवी वही पुढ्यात सरकवली:
नव्वद दिवस, प्रत्येक फेरी.
निघताना मीटर, पोचल्यावर मीटर, कुठे, कशासाठी.
"आणि मर्डो, मागाहून बसून लिहू नकोस.
एका पेनानं एका बैठकीत लिहिलेली वही
कर खात्याला वासावरून कळते."

मग लिहू लागलो, व्हॅनच्या काचेवर हिम, बोटं गारठलेली:
२१४३०६, विंटन. शाळेचा पियानो, आत उंदराचं घरटं.
२१४३६८, लम्सडेन. चर्च. पाद्र्याला खोकला, पियानोलाही.
२१४५३०, रिव्हर्टन. हॉटेल; बिअर सांडून चिकटलेल्या चार पट्ट्या.
तीस वर्षं हेच रस्ते,
पण असे रांगेत उभे केलेले कधी पाहिले नव्हते.

दर गुरुवारी मात्र टुआटापेरे.
जाऊन येऊन एकशे शहात्तर किलोमीटर.

आयल्सा कॉर्बेटच्या पियानोची
मधल्या सप्तकातली पांढरी सहा
आठवड्याला उतरते.
थंडीनं तार उतरते, ओलीनं उतरते,
पण तिघींतली एकच? सख्ख्या बहिणींना सोडून?
आणि खुंटीच्या चौकोनी डोक्यावर
पान्याचा ताजा ओरखडा.
मी तो पाहिला.
मी पाहताना तिनं पाहिलं.
म्हणाली, चहा टाकते.

नायरी चष्म्यावरून बघते:
"बारा फेऱ्या, बिल एकही नाही. कशाला जातोस?"
"स्वर लावायला."
"मग बिल फाड."
काय लिहू बिलात?
एक तार, चार मिनिटं.
आणि पुढची दुपार? तिचे करपलेले स्कोन,
खिडकीतून दिसणारी नदी,
ती वाजवते ते, चुकत चुकत, माझ्याकडे न बघता?
"बिल नाही तर धंदा नाही," नायरी म्हणते,
आणि पेन माझ्या हातात देते.

बारा वेळा लिहिलं: खाजगी.
धंद्याचा टक्का त्र्याण्णववरून त्रेपन्नावर.
नायरी एवढंच म्हणाली,
"महाग पडतंय, मर्डो."
पण हसली.

एक्क्याण्णवावा दिवस गुरुवारच निघाला.
वही घरी ठेवली.
अवजारांची पेटीही, विसरलो म्हणून.
पांढरी सहा उतरलेलीच होती.
मी रिकामे हात दाखवले.
आयल्सा क्षणभर थांबली,
मग चमच्यांचा खण उघडून
तिनं मुकाट्यानं
आपला पाना काढून दिला.