चौसष्ट वजा तीन

उद्यमनगरात पोस्टमन आला की लाईट बिल,
नाहीतर जीएसटीची नोटीस.
परवा आणला पातळ करडा लिफाफा,
त्याला खिडकी, खिडकीत मी:
हेर श्रीपतराव चौगुले.
गल्लीचा नंबर चुकलेला, तरी पोचला.
मुबारकनं लेथ बंद केला, हात पुसले,
"मालक, वाईट बातमी न्हाई न्हवं?"

मजकूर जर्मन. अक्षर कळेना.
आकडे मात्र आपलेच होते:
६४. त्याखाली वजा ३. त्याखाली ६१.
कडेला एकटाच ५०.
आणि एक फोटो. स्टेअरिंग घट्ट धरलेला मी,
दात आवळलेले,
कर्ज मागायला निघालेल्या माणसागत.

राजारामपुरीत नाईकनवरे बाई पोरांना जर्मन शिकवतात.
त्यांनी चष्मा वर सारला.
"वस्तीतनं पन्नासची मर्यादा. तुमचे चौसष्ट.
यंत्राची चूक धरून तीन सोडलेत."
परत वाचा म्हटलं.
यंत्राची चूक धरून.

एके वर्षी त्याच मुलखानं माझ्या पंपाच्या बॉड्या
आख्खी पेटी परत धाडली होती बोटीनं,
बोअर दोन शतांश मोठं म्हणून.
तेव्हा शिव्या घातल्या, मग नवा गेज घेतला.
आता हे लोक
आपल्याच मापावर आधी शंका घेतात,
तीन माझ्या पदरात टाकतात
आणि उरलेल्याचा हिशेब मागतात.
अशा माणसाशी भांडायचं कुठून?

चहाच्या गाड्यावर बैठक बसली.
आप्पा सूर्यवंशी म्हणाला, "भरू नगोस.
त्यो काय शिरोली नाक्यावर हुबा ऱ्हाणार हाय?"
दुसरा म्हणाला, "चौसष्ट? भावा,
दसरा चौक ते बिंदू चौक चौसष्टनं जाऊन दाखव,
दंड माझ्याकडनं."
सगळे हसले, मीही हसलो.
हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्यांमागं
गाणी ऐकत ऐकत घरी येणारा माणूस मी.
गाडी भाड्यानं देणाऱ्यानं तर आधीच तीस युरो कापलेले,
कशाबद्दल? तर माझं नाव सांगितल्याबद्दल.

बँकेत कुंभोजकर मॅडमनी यादी काढली.
परदेशी पैसे कशासाठी?
शिक्षण. औषधोपचार. नातलगांचा सांभाळ. भेट.
दंड कुठंच नव्हता.
"भेट टाकू?"
टाका म्हटलं.
पन्नास युरोची भेट,
आणि ती पोचवायचा खर्च दीड हजार रुपये.
"एवढ्यात भरायचं नसलं तरी..." म्हणून त्या थांबल्या.
मी सही केली.

कागदावर एक चौकट रिकामी होती.
बाई म्हणाल्या, काही सांगायचं असेल तर इथं लिहा.
सांगण्यासारखं होतं.
सकाळी दोन मोठे कप कॉफी,
मग तासभर नुसती द्राक्षाची रानं,
आणि विजयमाला, सीटच्या कडेवर आलेली:
"अहो, आता न्हाई धरवत."
पुढं पेट्रोल पंपाची पाटी दिसली
आणि माझा पाय जड झाला.
"खबरदार लिहाल तर," ती म्हणाली.
"तिथं कुणीतरी वाचंल."

मग तिनं फोटो हातात घेतला.
माझ्या शेजारी काळा चौकोन.
"मला का पुसलं?"
बाईंनी सांगितलेलं मी सांगितलं,
तिकडचा कायदाच तसा,
शेजारी कोण बसलंय ते सरकारनं बघायचं नसतं.
ती बराच वेळ बोलली नाही.
"छत्तीस वर्षं शेजारी बसलीय म्हणावं.
गाडी नव्हती तवा एमएटीवर मागं."

आता तो कागद कपाटाच्या दाराला आतनं चिकटवलाय,
गॅसच्या पुस्तकाशेजारी.
काल किल्ली शोधताना दार उघडलं.
काळ्या चौकोनावर, बरोबर जिथं कपाळ येईल तिथं,
एक लाल टिकली.
जरा तिरकी.
चालायचं. तेवढा फरक सोडायचा असतो.