आरवा पर

तलावात आम्हाला उलटं केलं चार वेळा,
पिंजऱ्यासकट, डोळ्यांवर पट्टी.
कुरियाकोस सर म्हणायचे : आधी हात खिडकीवर,
मग सात मोजा, मग पट्टा.
मी पाचावरच पट्टा सोडला
आणि वर कुठे आहे तेच हरवलं.
नाकात क्लोरीन, कानात स्वतःचंच धाड धाड.

येऊरला दोन रात्री. सरडा नको म्हणालो,
कुड्याचं पान चाखून थुंकलो,
पॅराशूटच्या कापडातून दव पिळून प्यालो.
टेकडीखाली घोडबंदरचे दिवे,
पंधरा मिनिटांवर वडापाव.
हसू आलं. मग आलं नाही.

तिसऱ्या दिवशी कोलशेतची खाडी.
तराफा उलटला, पाणी ओसरलं,
आणि मी तिवरांच्या कडेला मांडीपर्यंत रुतलेला.
शिट्टी, आरसा, नारिंगी धूर, सगळं खिशात.
एक पाय उपसावा, तर दुसरा आत.

पोशीबाई निवट्या धरत होती
फळीवर गुडघा टेकून, घसरत घसरत.
थांबली. माझ्या छातीवरचे पंख बघितले.
"उबा नको रव र," म्हणाली, "आरवा पर."

पुस्तकात हे नव्हतं.
आडवा झालो. चिखलाने गाल धरला.
पाय सुटले, आधी डावा.

फळी तिने दिली नाही,
तिला अजून डबा भरायचा होता.
कोपरांवर सरपटत काठाला लागलो तेव्हा
सरांनी घड्याळ पाहून लिहिलं :
उशीर, एकोणीस मिनिटं.

रात्री बुटातून एक निवटी निघाली.
जिवंत.