रकाना

घरपट्टीच्या आकारणीला टेप घेऊन फिरतो मी
चिखलीत, पंचगंगेच्या काठाकाठानं.
अर्जात चार चौकोन आहेत:
माती. दगडवीट. पत्रा. आरसीसी.
गाव त्यात बसतं.
हिंदुराव सुतारांचं घर बसलं नाही.

दहा खांबांवर ते उभं, कणगीसारखं,
वर निमुळतं होत गेलेलं,
आणि टोकाला पालथी घातलेली
गुऱ्हाळाची काहील.
टेप कुठून कुठं धरू?
सुरुवात म्हणून जिथं बोट ठेवलं
तिथंच फिरून आलो, दोनदा.
"लांबी शून्य लिवा, रुंदी बी शून्य,"
हिंदुराव वरनं म्हणाले, "मग पट्टी किती हुईल?"

खिडक्या एसटीच्या, भंगारातल्या.
एकीवर अजून पुसट अक्षरं:
हात बाहेर काढू नये.
तिच्यातूनच हात काढून
आक्काताईंनी मला कपबशी दिली.

जिना बिजागऱ्यांवर; ओढला की वर.
आत भिंतीला कोपरा नाही, म्हणून
कॅलेंडर पोट काढून बसलेलं,
कपाट कुठंच धड टेकत नाही,
आणि नातवाला शिक्षा करायची तर
उभं कुठं करायचं?

रद्दीतून कापलेली चित्रं, खळीनं डकवलेली:
कुठं बर्फाचं घर, कुठं डोंगर पोखरून,
कुठं छपरावर उभं राहिलेलं, पाया आभाळात,
आणि एक बुटाच्या आकाराचं.
"ह्यो बूट पावसात कामाचा न्हाई," हिंदुराव म्हणाले.
"त्यापेक्षा आपल्या पायताणाचं बांधलं तर
हवा तरी खेळंल.
पण आंगठ्यात कोण झोपणार?"

हसू ओसरल्यावर मी पुढचा रकाना वाचला:
छताचा प्रकार?

उत्तर आक्काताईंनी दिलं.
"त्या साली पाणी कौलाला लागलं.
दोन रात्री आढ्यावर काढल्या.
म्हशीचं दावं ह्यांनी कापलं, कापताना
तिच्या तोंडाकडं बघितलं न्हाई.
तिसऱ्या दिवशी बाबगोंडाची काहील आली,
चार पोरं फावड्यानं वल्हवत.
कडंला गुळाची खरवड चिकटल्याली.
नात चाटत बसली सारा रस्ता.
मी भ्यालो हुतो,
आन ती म्हणायची, आज्जी, गोड हाय."

जिच्यात बसून आले ती त्यांनी विकत घेतली,
भंगाराच्या भावानं, वजनावर,
आणि डोक्यावर घेतली.

आठ बोल्ट. उद्यमनगरात आटे पाडून आणलेले.
पाना देव्हाऱ्यात, जोतिबाच्या टाकाशेजारी,
हळदकुंकू लागून लागून पिवळा पडलेला.
आठ बोल्ट सोडायचे, काहील उलथी करायची,
छप्पर पाण्यात सोडायचं आणि त्यात बसायचं.
घर मागं राहिलं तर राहिलं.
"सराव करता?"
"दर मृगाला. गेल्या साली एकवीस मिनटं लागली.
गुडघं दुखत्यात."

उन्हाळ्यात लोखंड तापलं की
आत अजून काकवीचा वास सुटतो म्हणे,
आणि छतावर मुंग्या फिरतात ओळीनं
काहीतरी राहिलंय असं समजून.

ऑफिसात येऊन मी अर्ज पुरा केला.
बांधकामाचा प्रकार: इतर.
वापर: निवासी.
घराचे नाव. हा रकाना गावात कोरा जातो,
फार तर मातृछाया, नाहीतर गुरुकृपा.
मी लिहिलं: नाव.

कॉम्प्युटरवरच्या वैजयंतानं कागद परत केला.
"भाऊसाहेब, नावाच्या जागी नाव काय लिहिलंय?
नाव लिहा की."
तेच लिहिलंय, म्हटलं.

ती अजून माझ्याकडं बघतेय.
पावसाला बावीस दिवस आहेत.
आठवा बोल्ट जरा गंजलाय, वर चढून बघितला मी.
ते कुठल्या रकान्यात लिहू?