रकाना क्रमांक सात

शाळेची उद्दिष्टे : तीन ओळींत लिहा.
फॉर्म शुक्रवारपर्यंत पेडण्याला पोचायला हवा.
पट एकोणीस. शिक्षक मी एकटी,
आणि बुधवारनंतर तीही अर्धीच,
उरलेली पालयेच्या शाळेत.

सात सोडून मी जनरल रजिस्टर उघडते,
पहिलं, कसर लागलेलं, बासष्ट सालचं.
पालकाचा धंदा : कूळ. कूळ. रेंदेर. कूळ.
एका ओळीत बापाच्या जागी आईचं नाव आहे,
आणि अक्षर जराही हललेलं नाही.
वेंगुर्ल्याहून चालत आले होते म्हणतात ते गुरुजी.
त्यांना कुणी विचारली होती का उद्दिष्टे?

पुढं : बोटीवर. खाणीचा ट्रक. आखात.
मग नुसते दाखले, दाखले,
पिवळ्या बसनं म्हापशाला गेलेली मुलं.
यंदा : विमानतळावर सफाई. सेंट्रिंग. जमीन विकली.
हा धंदा कसा, मी विचारलं नाही. लिहून घेतलं.

काल तिसरीला गावाचा नकाशा काढायला दिला.
स्वरांग शेटकरनं सडा काढला,
काजी, म्हशींची वाट, मधोमध झर;
सगळं आजोबांकडून ऐकलेलं,
झाडं पडली तेव्हा तो रांगत होता.
गंगव्वा लमाणीनं काढली लांब काळी पट्टी,
कडेनं दिवे, मोजून चोवीस,
कोपऱ्यात पत्र्याची खोली, खोलीहून मोठं दार.

"बाई, तिचां चुकलां. तिका झर खंय ठावक?"
"त्याचंच खोटं. पाणी टँकरचं येतं. मीच भरते."

दहापैकी किती द्यायचे?
वरून विमान गेलं, सवयीनं सगळे गप्प झालो.
मग खिडकीच्या उरलेल्या एका काचेवर
दोन्ही कागद एकावर एक धरले.
उन्हात झर नेमकी उतरली
पट्टीच्या पोटात, अकराव्या दिव्यापाशी.
गंगव्वानं तिथं बोट टेकवलं.
"मग आता हे पाणी जातं कुठं?"
स्वरांगला माहीत नव्हतं.
मलाही नाही, हे मी सांगितलं,
सांगताना थोडी लाजले.

सातव्या रकान्यात लिहिलंय : सर्वांगीण विकास.
तिथं तेच चालतं.

दोन्ही कागद टाचून रजिस्टरात ठेवलेत, बासष्टच्या पानात.
शनिवारी कुंपणापर्यंत जायचंय, खालच्या अंगानं,
जिथं माती अजून ओली लागते म्हणतात.
टोपी आणा. बाटली आणा.
आजोबा येत असतील तर त्यांनाही.