अधिक-उणे

कुवर सरांच्या कपाटाची किल्ली
त्यांच्या सुनेनं साखरेच्या रिकाम्या डब्यातून आणून दिली.
आत दोनशे अकरा दगड.
प्रत्येकाला कापडी पिशवी, पिशवीला सुतळी,
सुतळीला पुठ्ठ्याचा तुकडा:
निजामपूर चार. निजामपूर पाच.
शेवाळी, पुलाखाली, डावीकडे.

आणि एक वही.
तिच्यासाठी तीन विद्यापीठांतून पत्रं आली होती.
सर म्हणायचे, अजून एकदा तपासतो.
तेवीस वर्षं तपासत राहिले.
एकदा कोणीतरी त्यांची आठ वयं परस्पर छापली होती,
खाली नाव नव्हतं;
तेव्हापासून कपाटाला दुसरं कुलूप.

धुळ्यात एप्रिल. पांझरेच्या पात्रात पोरांचं क्रिकेट.
पंखा फिरतोय म्हणजे वीज आहे,
वीज आहे तोवर मी रकाने भरते:
अक्षांश. रेखांश. खनिज. अर्गॉन किती साठला.
वय: सहा कोटी छप्पन्न लाख वर्षं,
अधिक-उणे चार लाख.

चार लाख!
मला वाटलं होतं, असं काही लपवायचं असतं.
इथे त्याला वेगळा रकाना आहे,
तो रिकामा सोडला तर नोंद पुढे सरकतच नाही.
माझ्या दाखल्यावर मास्तरांनी एक जून टाकला,
अधिक-उणे काही लिहिलं नाही.

निजामपूर चारला अक्षांश नाही.
वहीत एवढंच: बारकू ठेलारीच्या मेंढवाड्यामागची भिंत,
दुपारी मेंढ्या बसतात ती बाजू.
भिंत म्हणजे कोणी बांधलेली नव्हे,
जमीन फाटली, खालून रस वर चढला,
आणि चढता चढताच थिजला.
भोवतालची मऊ माती गेली, ही उभी राहिली.

फोन लावला. बारकूचा नातू हसला,
'ती भित? ती ते रस्तामा गयी ना, ताई.'
क्रशर लागला होता दोन उन्हाळे.
आता तिच्यावरून सुरतेचे ट्रक जातात
आणि तिचं वय माझ्या टेबलावर, कापडी पिशवीत.

म्हातारा ऐकेना. काठी घेऊन निघाला.
नातवानं मोबाइल धरला,
आजोबा रिकाम्या उन्हात एका जागी थांबले:
'आठे. आठेच सावली व्हती.'
सहा दशांश आकडे आले.
मी ते दोनदा वाचून भरले.

नमुना कोणी गोळा केला? कुवर सरांचं नाव बसलं.
जागा कोणी दाखवली, असा रकानाच नाही.
शेरा म्हणून एक चौकोन होता, तळाशी, लहानसा.
त्यात लिहिलं: बारकू ठेलारी, दोन्ही वेळा.

मग शेवटचा प्रश्न: कोणाला दिसावं?
फक्त मला. दोन वर्षांनी. सर्वांना.
मी उठून पाणी प्यायले.
कुलूप आठवलं, ती आठ वयं आठवली,
सरांचा खाली गेलेला आवाजही.
पण एकटं वय काय सांगणार?
शेजारी शिरपूरचं ठेवावं, नंदुरबारचं ठेवावं,
तेव्हा कुठे दिसतं, भेग कुठून कुठे धावली.
सर्वांना.
चाक फिरायला लागलं आणि वीज गेली.
तासाभरानं पुन्हा सगळं पहिल्यापासून.

नऊ दिवसांनी एका मुलीचं पत्र,
कुठल्या देशातली, नावावरून कळेना.
निजामपूर चारचं वय तिला तीन लाखांनी कमी वाटतं.
तुकडा उरला असेल तर
अजून एकदा तपासू का, विचारते.

मी सुतळी सोडली.
दगड टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून
जपून हातोडी मारली.
अर्धा त्याच पिशवीत परत,
अर्ध्याला जुन्या ओढणीची नवी पिशवी शिवतेय.
पुठ्ठ्यावर काय लिहायचं ते ठरलंय,
फक्त 'सावली' शब्द तिला कसा कळवावा,
तेवढं अडलंय.