कारण लिहा

धवलने सॉफ्टवेअर बसवलं त्या दिवशी
डॉक्टर गुप्त्यांनी पेढे मागवले
आणि स्वतः एकही खाल्ला नाही, साखर वाढते म्हणून.
‘कुंदाबेन,’ धवल म्हणाला, ‘आता चूक होणारच नाही.’
दांडिया बाजारातला आमचा दवाखाना:
खाली घड्याळवाला, वर लाकडी जिना,
आणि बुटांच्या खोक्यांत अकरा हजार कार्डं.
ती मी आत चढवायची,
रोज चाळीस, दुपारच्या बंद वेळात.

यंत्र फार विचारतं.
जन्मतारखेशिवाय पुढे सरकत नाही.
कार्डावर नुसतं ‘साधारण साठ’,
पुढच्या साली पुन्हा ‘साधारण साठ’,
सात वर्षं माणूस साधारण साठच.
मी सगळ्यांना एक जानेवारी देऊन टाकली.
अर्धं बडोदं माझ्या हातून एकाच दिवशी जन्मलं.

डॉक्टरांचं अक्षर मला येतं.
वाचता येतं म्हणत नाही, येतं म्हणते.
औषधाखाली दोन रेघा, म्हणजे खरंच घ्यायचं.
एक रेघ, म्हणजे मनाच्या समाधानाला.
रेघ डावीकडे कलली, तर पैसे पुढच्या वेळी.
या रेघांना आत कुठे जागा नाही.
धवलला विचारलं, तर हसला.

आता चिठ्ठी छापून येते, गुजरातीत, ‘जम्या पछी’.
मोहितेकाकू ती लांब धरतात, जवळ धरतात,
मग माझ्यापुढे.
वाच गं, जेवायच्या आधी की मग?
गुजराती फर्डं बोलतात, भाजीवाल्याला रडवतात,
वाचायची वेळ कधी आली नाही.

मंगळवारी खोका सव्वीस.
मोहिते रंगराव, प्रतापनगर, रेल्वेतून निवृत्त,
वय साधारण साठ.
रक्त पातळ करायची गोळी, शून्य-शून्य-एक.
गुडघ्यांसाठी दुसरी, एक-शून्य-एक,
खाली दोन रेघा.
दुसरी टाईप करून होते न होते
तोच पडदा लाल झाला.
मजकूर इंग्रजीत होता. लाल कुणालाही कळतं.
या दोन एकत्र देऊ नयेत.

माणूस जाऊन चौदा वर्षं झाली.
यंत्राला त्याचं काय,
ते औषधांकडे बघतं.

सयाजी इस्पितळात, तिसऱ्या रात्री.
काय झालं ते कुणी नीट सांगितलं नाही,
नीट विचारलंही नाही कुणी.
पण त्याच्या आधी केव्हातरी
ते माझ्या खिडकीशी वाकले होते.
बाईमाणसाला सांगू नये, म्हणाले,
पण परसाकडला काळं होतंय.
आणि मी, पुड्या बांधता बांधता,
मान वर न करता:
लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना, त्यानं होतं.

लोहाच्या गोळ्या होत्या.
कार्डावर आहेत, शून्य-एक-शून्य.
तीनदा पाहिलं मी.

खाली दोन बटणं.
रद्द करा. तरीही पुढे जा.
पुढे जायचं तर कारण लिहा,
कमीत कमी वीस अक्षरं.

डॉक्टर आत आडवे झाले होते.
पंखा एका पात्याला अडखळत फिरत होता.
मी उठून दारापर्यंत गेले,
त्यांची एक चप्पल पालथी पडली होती ती सरळ केली,
परत येऊन बसले.

लिहिलं: माहीत नव्हतं.
अक्षरं कमी पडतात, यंत्र म्हणालं.
लिहिलं: मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. मान वर केली नाही.
ते त्याला चाललं.
पडदा पुन्हा पांढरा झाला, पुढचं कार्ड मागू लागला.

पाचला दार उघडलं.
काकू जिना चढून आल्या, कठड्याला धरून,
दोन पायऱ्यांमागे एकदा थांबत.
साखरेच्या गोळ्या, नवी चिठ्ठी.
वाच गं.
जेवल्यानंतर, काकू, सकाळी आणि रात्री.
मग मी पुडी खाली ठेवली.
काकू, आणखी काही होतंय का?
चक्कर, काळं, लाल, काहीही. सांगा, घाई नाही.

‘नाही गं,’ म्हणाल्या.
‘का?’