छायाचित्र अस्पष्ट

सोहारच्या वीजकचेरीत
सूट-योजनेचं टेबल माझ्याकडे.
जुना एसी द्या, नवा घ्या,
पंचेचाळीस रियाल बिलातून वळते.
अट एकच : जुन्या यंत्राचा फोटो,
नंबर वाचता येईल असा.

नंबर मी वाचतोच.
पण नंबराच्या आजूबाजूला काय काय येतं...
गळत्या पाण्याखाली श्रीखंडाचा रिकामा डबा
(म्हणजे हे बिऱ्हाड आपल्यातलंच),
फटीत कोंबलेला बनियन,
गंजावर खडूनं मांडलेली कुणाची उधारी.

काल झुवैना बिन्त खल्फान यांचा अर्ज आला.
बाहेरच्या खोक्यावर होल्याचं घरटं,
काड्या कमी, तारा जास्त,
अंडी दोन.
खाली अरबीत ओळ :
चार दिवस यंत्र बंद ठेवलंय, पंख्यावर भागवते.

बाहेर सेहेचाळीस.
बचत मोजायच्या तक्त्यावर बोट फिरवलं,
ही कुठल्याच रकान्यात बसेना.

योजना एकतीसला संपते.
मंजूर केला तर उद्या सकाळी गाडी जाईल,
दोघं जण, पाने, दोर.
फेटाळला तर बाईंचे पैसे बुडाले.
मात्र अर्जात त्रुटी निघाली,
तर पंधरा दिवस मिळतात.

नंबर लख्ख दिसत होता,
आठ की तीन असा प्रश्नच नव्हता.
मी शेरा मारला : छायाचित्र अस्पष्ट,
नवीन पाठवावे.

मग साहेब नमाजाला गेलेले बघून
उठलो,
आणि आमच्या खोलीचा एसी
दोन अंशांनी वर केला.